सुपातून दिलेली नात

माझ्या नातीला मी एकदा देऊन टाकलं होतं. तीन महिन्यांची होती. सुपात घातली, मागच्या दाराने बाहेर काढली आणि एका बाईच्या हातात ठेवली. आता ती आठ वर्षांची आहे, रोह्याला शाळेत जाते, आणि मी जरा रागावले की तोंडावर सांगते, "आजी, तू मला देऊन टाकलंवतंस ना, मग तू गप्प बस." ही गोष्ट तिला मीच हसत हसत सांगितली. फाट्यावर काय झालं ते मात्र गाळलं. 

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची तरुणी होते. हसू नका. सहासष्टाव्या वर्षी मागे पाहिलं की अठ्ठावन्नची बाई पोरसवदाच दिसते. गुडघे शाबूत, केस काळे केलेले, हातात नवा मोबाईल, आणि गावात काय चाललंय ते आपल्यालाच आधी कळतं अशी ठाम समजूत.

पेणहून जोह्याकडे आत वळलं की जी गावं लागतात, त्यांतलं आमचं एक. भातशेती, भात निघालं की त्याच जमिनीत वाल, आणि घराला लागून गणपतीचा कारखाना. लेक रोह्याला दिलेली. स्टेशनापासून लांब, वरसे गावात तिचं घर. जावई कंपनीत शिफ्टला. तिचं पहिलं मूल सातव्या महिन्यातच गेलं. दुसरं जन्मलं आणि आठव्या दिवशी गेलं. तिसऱ्या वेळी मी तिला चौथ्या महिन्यातच माहेरी आणून बसवली. मुलगी झाली. मी हॉस्पिटलच्या जिन्यातून सगळ्यांना फोन लावले. वजन किती, बाळंतीण कशी, हे नंतर. पहिलं वाक्य माझं एकच होतं, "गोरी आहे हो, गोरीपान!"

आमच्याकडे मुलं वाचत नसली की जुन्या बायका एक करायच्या. मूल सुपात घालून दुसऱ्या बाईला देऊन टाकायचं. ती ते घेऊन वेशीबाहेर जाते. थोड्या वेळाने घरचं माणूस मागून जातं, पसाभर तांदूळ तिच्या पदरात घालतं आणि मूल परत आणतं. काळ शोधत आला तरी त्याला या मुलाचं घर सापडू नये, म्हणून हे. एक अट असते. वाटेत कुणीही विचारलं, "कुणाचं गो पोर?" तर त्या बाईने "माझं" म्हणायचं. दुसरं काही तोंडातून गेलं तर सगळं फुकट.

ही दुसरी बाई शेजारची नसते. ती नेहमी वाडीवरची, कातकरी. असं का, ते मी अठ्ठावन्न वर्षांत कधी विचारलं नाही. आता मला उत्तर माहीत आहे आणि ते चांगलं नाही. काळ आलाच, तर त्याने त्या बाईच्या झोपडीत जावं.

आमच्याकडे तेल लावायला येणारी बाई वाडीवरचीच. लेकीला आणि बाळाला रोज सकाळी चोळून, शेकून जायची. तिच्या हातात मूल गेलं की रडायचं थांबायचं, माझ्या हातात आलं की सुरू व्हायचं. वयाने ती माझ्याहून दोन वर्षं मोठी. तरी मी तिला अगं-तुगं करायची आणि ती मला काकी म्हणायची. तिचा चहाचा स्टीलचा पेला वेगळा होता. घोटाळा नको म्हणून मी त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, लाल. मला ती युक्ती फार हुशारीची वाटली होती.

त्या आठवड्यात मोबाईलवर एक मेसेज फिरत होता. वडखळच्या बाजूला बायकांची टोळी उतरली आहे, काळ्या, फाटक्या लुगड्यातल्या, तान्ही पोरं उचलून नेतात, सावध राहा. मी तो वाचला, छातीवर हात ठेवला आणि भजनी मंडळ, बचत गट व माहेरचे अशा तीन ग्रुपवर पाठवून दिला. खाली हात जोडल्याची चार चित्रं टाकली. आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी एका काळ्या बाईच्या हातात आमचं गोरं पोर देऊन तिला रस्त्याने पाठवली. दोन्ही कामं याच डोक्याने केली. मेसेजातली बाई आणि आमची बाई, दोघींचं वर्णन एकच आहे, हे त्या डोक्यात आलंच नाही. आमची ती आमची होती ना.

दुपारची वेळ मी ठरवून धरली. लेक झोपलेली, आमचे मालक पेणला गेलेले, कारखान्यातले कारागीर जेवायला पांगलेले. लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. ती शिकलेली, तिला कळतं तर सूप माझ्याच डोक्यात घातलं असतं. बाळाला जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळायचं असतं, ते केलं. अंगावर सोनं ठेवायचं नसतं. पण हातातल्या मनगट्या काढवेनात. काळे मणी, मधे सोन्याचे. म्हटलं, अर्ध्या तासाचा तर प्रश्न.

बाई मागच्या दारी उभी होती. सूप हातात घेईना.

"काकी, आज नको."

"का गो?"

"फाट्यावर पोरं बसल्यात. मोबाईलमदं कायबाय फिरतंय म्हनतात. काल आमच्या वाडीतल्या दोघींना बाजारात आडवलान. थैल्या उलट्या केल्या."

"तुला कोण काय करणार? सगळं गाव ओळखतं तुला."

"तुमी ओलखता. गाव नाय ओलखत." मग म्हणाली, "तुमी चला ना संगती. धा पावलं मागनं चला."

"मागून कसं चालेल? मी दिसले की सगळं फुकट. आणि हे बघ, कुणी विचारलं तर 'माझी' म्हणायचं. कुणीही. शपथ घे. नाहीतर माझ्या लेकीचं हेही पोर जाईल."

तिने बाळाकडे पाहिलं. तीन महिने रोज तिच्याच पायांवर न्हालेलं पोर. "घेतली शपथ," म्हणाली आणि निघाली.

मला भीती वाटली नाही. हे मुद्दाम लिहिते आहे. ती समोर उभी राहून घाबरली होती आणि मला तिची भीती आळस वाटली.

पंधरा मिनिटांनी तांदूळ घेऊन निघायचं होतं. मी पसा भरला, पदरात बांधला, आणि लेक उठली.

"आई, बाळ कुठाय?"

"शेजारी नेलंय. झोप तू."

"कुणी नेलं? शेजारी तर कुलूप आहे."

मी काहीतरी पुटपुटले. इतक्यात माझा मोबाईल टिणटिणला. बचत गटाचा ग्रुप. लेकीने तो उचलला, कारण माझा चष्मा सापडत नव्हता. फोटो होता. फाट्यावरची टपरी, माणसांचे पाय, आणि मधे जमिनीवर बसलेली एक बाई, छातीशी चिंधी. खाली लिहिलं होतं: पोरं पळवणारी पकडली, अंगावर सोनं असलेलं पोर सापडलं.

लेकीने फोटो मोठा केला. मनगट्या तिने स्वतः ओवल्या होत्या.

ती ओरडली नाही, हे मला सगळ्यात वाईट आठवतं.  मी अनवाणी पळाले.

घरापासून फाटा लांब नाही. वाल काढून झालेली शेतं, ढेकळं, आणि ऊन. पळताना मी काय विचार करत होते ते खरं सांगते. बाळ पडलं तर, बाळाला लागलं तर, बाळाला कुणी खेचलं तर. त्या बाईचा विचार निम्म्या रस्त्यापर्यंत आला नव्हता.

फाट्यावर वीस-पंचवीस जण असतील. मोटारसायकली आडव्या लावलेल्या. मी टपरीच्या मागे पोचले आणि थांबले. दम लागला म्हणून नाही. मला ती दिसली. ओठ फुटला होता. पोलक्याची बाही खांद्यातून उसवली होती. एक जण खाली वाकून बाळ ओढत होता आणि ती बाळाभोवती सगळं अंग गुंडाळून बसली होती, गोगलगायीसारखी.

"कुणाचं पोर? बोल!"

"माझी हाय."

चपराक. आवाज मला टपरीमागे आला.

"तुझी? तुझी एवढी गोरी? तोंड बघितलंस का आरशात?"

"माझी हाय."

"सोनं पण तुझंच काय?"

"माझी हाय. माझी पोर हाय."

मारणारा आमच्याच कारखान्यातला, गणपती रंगवणारा, तिशीचा. त्याच्या बोटांना गुलाबी रंग होता. गणपतीच्या अंगाला आम्ही जो मारतो तो. जेवायला जाताना हात नीट धुतले नव्हते. तिच्या काळ्या दंडावर पाच गुलाबी बोटं उठली होती.

आणि मी उभी होते. तोंड उघडायचं आणि 'माझी नात आहे' म्हणायचं, एवढंच काम. पण मी आधी म्हटलं तर घातलेला घाट मोडतो, पोर जातं. दुसरं पोर आठव्या दिवशी निळं पडलेलं मी पाहिलं होतं. त्यात पुन्हा लोक विचारणार, हिच्याकडे कसं आलं? मग सूप, तांदूळ, सगळं बाहेर पडणार. रोह्याच्या विहीणबाईंना कळणार. पोलिसांना कळणार. डोकं हे सगळं नीट क्रमाने मांडत होतं. किती वेळ? टपरीवाला नंतर म्हणाला, तुम्ही आलात आणि लगेच बोललात. त्याला तसं वाटलं असेल. त्या वेळात मी तीन चपराका मोजल्या.

मग एकाने कुंपणातली बांबूची काठी उपसली. बाईने डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांनी पुन्हा तेच म्हणाली.

"सोडा तिला," मी म्हटलं. "माझी नात आहे ती."

बस. एवढंच. गर्दी दुभंगली. काठी खाली गेली. कुणीतरी टपरीतली खुर्ची आणली, कुणी पाण्याची बाटली. रंगाऱ्याने बाळ तिच्या हातांतून काढलं, आता तिने सोडलंही, आणि माझ्या ओटीत ठेवलं. अलगद. "काकी, तुमची नात काय? आधी नाय का सांगायचं! बघा, आम्ही होतो म्हणून वाचली."

पोलिसांना फोन गेला होता. एकाने पुन्हा लावला आणि सांगितलं, नको यायला, घरचीच भानगड आहे.

मला कुणी विचारलं नाही, पुरावा काय? नाव काय बाळाचं? सगळेच काही मला ओळखत नव्हते. निम्मे बाहेरगावचे कारागीर होते. अनवाणी, केस सुटलेली, धापा टाकणारी बाई आली, म्हणाली माझी, आणि त्यांनी पोर दिलं. मी खरंच पळवणारी असते तर त्या दुपारी सोन्याच्या मनगट्यांसकट, वर थंड पाणी पिऊन निघून गेले असते.

एकाला मात्र शंका आली. "पण काकी, ही मग माझी-माझी का करत होती?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. तीही. ओठातून रक्त येत होतं, पण नजर अगदी स्थिर होती. आता तरी मी सांगेन, असं तिला वाटलं असावं.

"अडाणी आहे ती," मी म्हटलं. "फिरवायला दिली होती. तिला बोलायचं कळत नाही."

लोक हसले. तिला म्हणाले, जा. ती उठली, पदर ओढून घेतला आणि वाडीच्या दिशेने गेली. मागे वळली नाही. तांदूळ माझ्या पदरात तसेच.

घरी लेकीने बाळ हिसकावून घेतलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते असं, "आई, तिने एकदा जरी तुझं नाव घेतलं असतं ना, तर मार थांबला असता असं तुला वाटतं?" मी म्हटलं, थांबला असता. लेक म्हणाली, "नसता थांबला. म्हणाले असते, चोरी करून वर नाव घेते."

तेल लावायला बाई आली नाही. चौथ्या दिवशी मी तांदूळ घेऊन वाडीवर गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा. आमच्या घरापासून ती वाट किती छोटी आहे हे मला माहीत नव्हतं. झोपड्यांतली माणसं मला पाहून आत गेली. मला वाटलं, मान देतात. मग लक्षात आलं, पोरं आत ओढून घेत होती.

ती दारात बसली होती. दंडावरचा रंग गेला होता, वळ होते.

"तांदूळ आणलेत," मी म्हटलं. "राहिले होते."

"कशाला आता? तुमी चारचौघांत तुमची म्हनालाव. तुमची झाली."

"फार लागलं का?"

"लागतंय. जातंय." मग म्हणाली, "मी शपथ मोडली नाय."

"माहीत आहे गो."

"तुमाला म्हायत हाय. त्या पोरांना सांगा. फाट्यावर जाऊन सांगा, हिनं माझी का म्हनलं ते. माझी पोरं त्याच वाटंनं वीटभट्टीवर जातात. त्यांना आता चोरनीची पोरं म्हनतात."

मी हो म्हटलं. आणि गेले नाही. आज अंग दुखतं, उद्या लेकीची पाठवणी, परवा पाऊस नाही पण आभाळ आहे. माणूस भीतीला किती नावं देतो, मी त्या आठवड्यात सगळी वापरली.

लेकीला रोह्याला पोचवायला निघालो तेव्हा त्याच फाट्यावरून गाडी धरली, पेणला उतरून रोह्याची एसटी. बाळ माझ्या मांडीवर. पेणपासून रडायला लागलं ते थांबेचना. लेकीला गाडी लागत होती, ती पुढे खिडकीशी बसली होती, तोंड फिरवून. म्हणजे बघणाऱ्याला काय दिसत होतं? एका म्हातारीच्या हातात आकांत करणारं पोर, आणि ते तिच्याकडून दूर व्हायला बघतंय.  मी वाट बघू लागले, कोण उठतो, कोण विचारतो. एक माणूस मागून उठून आला. माझा हात बाळाभोवती आवळला, अगदी तिच्यासारखा.

तो म्हणाला, "आजी, इकडे वारा लागतो, तुम्ही माझ्या जागेवर बसा." त्याच्या शेजारची बाई म्हणाली, "नात का? अगदी आजीवर गेलीय."

काही गेली नव्हती. नाक विहीणबाईंचं होतं, डोळे जावयाचे. पण त्या बाईला कागद लागला नाही. माझा रंग, माझं लुगडं, हातातल्या पाटल्या, एवढं तिला पुरलं. यातलं मी काय कमावलं होतं? पाटल्यासुद्धा सासूच्या. मी त्या माणसाच्या जागेवर बसले आणि रोहा येईपर्यंत मान वर केली नाही.

परतले ती थेट फाट्यावर उतरले. संध्याकाळ होती, पोरं टपरीवर होती, रंगारीही.  तरी बोलले. सूप सांगितलं, शपथ सांगितली, ती नको म्हणत असताना मीच पाठवली ते सांगितलं. टोळीचा मेसेज मीच पुढे ढकलला तेही. शेवटी म्हटलं, "अडाणी ती नव्हती. ती माझा शब्द राखत होती. अडाणी मी."

मला वाटलं होतं, आता मला बोलतील. कुणी थुंकेल, कुणी पोलिसांचं नाव काढेल. खोटं बोलून पोर रस्त्यावर पाठवणारी मी.

"जाऊ द्या हो काकी," रंगारी म्हणाला. "नातीच्या मायेपोटी केलंत." आणि टपरीवाल्याला सांगितलं, "काकींना लिंबू सोडा दे." त्यांनी मला बसायला तीच खुर्ची दिली.

"आणि तिला काय देणार?" मी विचारलं. रंगारी हातांकडे बघू लागला. बोटं आज स्वच्छ होती. 

मी सोडा प्यायले नाही, एवढंच. यापलीकडे फार काही केलं असं सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी वाडीवर जाऊन सांगितलं, बोलले म्हणून. तिने विचारलं, "मग? काय म्हनले?" मी सोड्याचं सांगितलं. ती हसली. मोठ्याने, पोट धरून हसली. मला त्या हसण्याची त्यांच्या काठीपेक्षा जास्त भीती वाटली.

लाल ठिपक्याचा पेला मी भांडेवालीला मोडीत घातला. बाई तेल लावायला पुन्हा यायला लागली, पण वर्षभराने, गुडघ्यांसाठी, माझ्या. मी तिला आता अक्का म्हणते. ती मला अजून काकीच म्हणते. सवय मोडत नाही म्हणते. तांदूळ तिने घेतले नाहीत ते नाहीतच. सुट्टीत नात येते तेव्हा ती तिला जवळ ओढते, "तू माझी हायस गो. तुझ्या आजीनं सोडवली कुठं?" आणि माझ्याकडे बघते. नात खिदळते. मी नाही.

फाट्यावरून ती आजही जात नाही. बाजाराला जायचं तर शेताच्या बांधावरून लांबचा फेरा घालते आणि पुढच्या थांब्यावर गाडी धरते. गेल्या काही वर्षांत मंगळवारी मीही तिच्याबरोबर जाते. ती पुढे, कारण वाट तिला माहीत. मी मागे, काठी टेकत, कुरकुरत. मधे थोडा तुकडा डांबरी रस्त्याला लागून आहे. तिथे मोटारसायकलचा आवाज आला की ती थांबते.  मला पुढे जाऊ देते, आणि मागे होऊन माझा पदर धरते.

मी सहासष्टची, दोन दात कमी, काठी नसली तर कोलमडेन. वारा आला तरी हलते. मोटारसायकल जवळ येते, पोरं वेग कमी करतात, मला पाहतात, म्हणतात, "काय काकी, बाजारला?"

"व्हय," मी म्हणते. पदर घट्ट धरलेला असतो. आवाज लांब जाईपर्यंत आम्ही दोघी हलत नाही.